नोंदवही आणि देखरेख : भौतिकोपचारकांच्या कायद्याची जबलपूरकडून पाहिलेली कथा

कोणत्याही व्यवसायाचे नियमन करताना शासनापुढे दोन प्रश्न असतात. हा मनुष्य कोण, हा पहिला. तो कोणाच्या निर्देशाने काम करतो, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर नोंदवही देते, दुसऱ्याचे देखरेखीचा नियम. भौतिकोपचार, म्हणजे आपण बोलताना ज्याला फिजिओथेरपी म्हणतो, त्या व्यवसायात हे दोन्ही प्रश्न फार काळ एकमेकांत गुंतून राहिले. हा इतिहास मी जबलपूरकडून पाहतो, कारण नागपूर आणि जबलपूर ही शहरे एका कायद्याखाली निघाली आणि पुढे दोन वाटांनी गेली.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना होईपर्यंत जबलपूरचा कारभार नागपूरहून चाले. मध्य प्रांतात डॉक्टरांच्या नोंदणीचा कायदा १९१६ साली झाला, परिचारिकांचा १९३६ साली. अंग चोळून देणारा, मुरगळलेला सांधा बसवणारा यांचे नाव मात्र कोणत्याच वहीत नव्हते. सरकारच्या लेखी तो व्यवसायच नव्हता.

इंग्लंडमध्ये हा प्रश्न आधी उभा राहिला. मालिशच्या नावाखाली भलतेच धंदे चालतात, असा गवगवा झाल्यावर १८९४ साली चार परिचारिकांनी प्रशिक्षित मालिशकर्त्या स्त्रियांची संस्था स्थापन केली. डॉक्टरांच्या निर्देशाशिवाय उपचार करायचा नाही, हा नियम त्यांनी स्वतःच स्वतःला घालून घेतला. देखरेखीचा जन्म असा झाला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. ती त्या स्त्रियांच्या अब्रूची ढाल होती. १९२० साली संस्थेला राजसनद मिळाली. पुढे शिक्षण वाढले, विज्ञान वाढले आणि ढालीचे ओझे होऊ लागले. अखेर १९७७ साली ब्रिटिश आरोग्य खात्याने परिपत्रक काढून उपचाराचे स्वरूप व कालावधी ठरविण्याचा अधिकार उपचारकाकडे असल्याचे मान्य केले.

आपल्याकडे या शिक्षणाला चालना मिळाली ती पोलिओमुळे. १९५२ साली मुंबईत पोलिओची साथ आली आणि पाठोपाठ के. ई. एम. रुग्णालयात भौतिकोपचाराचे विद्यालय उभे राहिले. १९५५ साली व्यावसायिकांची अखिल भारतीय संघटना झाली. कायद्याला मात्र आणखी चार दशके लागली. दिल्लीने १९९७ साली परिषदेचा कायदा केला. मध्य प्रदेशाचा सह-चिकित्सीय परिषद अधिनियम २००० सालचा, महाराष्ट्राचा व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषद अधिनियम २००२ सालचा.

या शेवटच्या दोन नावांतच मोठा भेद आहे. महाराष्ट्राने भौतिकोपचारकाला व्यवसायोपचारकासोबत स्वतंत्र परिषद दिली. मध्य प्रदेशाने त्याला प्रयोगशाळा आणि क्ष-किरण तंत्रज्ञांबरोबर एकाच छत्राखाली बसविले. नागपूरला पदवी घेऊन लग्नानंतर जबलपूरला आलेल्या मुलीचे ज्ञान शिवनी ओलांडताना बदलत नाही. कायद्यातले तिचे स्थान मात्र बदलत असे. प्रांताबाहेर राहणाऱ्या मराठी कुटुंबांना असे अनुभव इतर व्यवसायांतही येतात, त्यामुळे याचे मर्म त्यांना अधिक सांगायला नको.

केंद्राने २००७ साली लोकसभेत सह-वैद्यकीय व भौतिकोपचार परिषदांचे विधेयक मांडले. त्यात भौतिकोपचाराची व्याख्या ‘वैद्यकीय निर्देशाखालील’ उपचार अशी होती. या विशेषणावरून बराच वाद झाला आणि २००९ साली लोकसभेची मुदत संपताच विधेयकही संपले. २०२१ साली संबद्ध व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला. त्याच्या अनुसूचीत भौतिकोपचारक स्वतंत्रपणे अथवा बहुशाखीय पथकाचा घटक म्हणून काम करू शकतो, असे स्पष्ट म्हटले आहे. किमान अर्हता पदवीची. राज्यांच्या नोंदवह्यांबरोबर एक केंद्रीय नोंदवहीही या कायद्यात आहे. चौदा वर्षांत व्याख्या पूर्ण उलटली.

डॉक्टरांची शंका निराधार होती, असे मी म्हणणार नाही. कंबरदुखीच्या मागे मणक्याचा क्षय असू शकतो, गाठ असू शकते. ती वेळीच न ओळखता महिनाभर शेक आणि व्यायाम दिले, तर रुग्ण कायमचा अधू होऊ शकतो. पण जबलपूरहून मंडला-दिंडोरीकडे निघाले की दुसरी बाजू दिसते. अर्धांगवायूनंतरचे पहिले काही महिने हालचाल परत मिळविण्यासाठी मोलाचे असतात, आणि खेड्यातल्या रुग्णाजवळ या विषयाचा तज्ज्ञ डॉक्टर नसतो. जेथे देखरेख करणाराच नाही तेथे देखरेखीची सक्ती केली, की तिची केवळ सही होते. कागद पूर्ण होतो, रुग्ण तसाच राहतो. प्रशासनात काम केलेल्या कोणालाही ही सही परिचयाची आहे. म्हणून देखरेखीच्या जागी दुसरे बंधन हवे : धोक्याची लक्षणे ओळखून रुग्णाला डॉक्टरकडे पाठविण्याचे. ते मोडले तर जाब विचारणारी परिषदही हवी.

हे साधायचे तर मुळात नोंदवही खरी असली पाहिजे, आणि ती महाविद्यालयापासून सुरू होते. या प्रदेशातील वैद्यकीय शिक्षणाची सूत्रे आता जबलपुरातच आहेत. २०११ च्या कायद्याने आयुर्विज्ञान विश्वविद्यालय येथे स्थापन झाले. जुलै २०२५ मध्ये येथील उच्च न्यायालयाने राज्यातील सह-वैद्यकीय महाविद्यालयांच्या २०२३-२४ व २०२४-२५ या सत्रांच्या मान्यता व प्रवेशांना स्थगिती दिली. उलटून गेलेल्या सत्राला मागाहून मान्यता देता येते काय, हा तेथला प्रश्न होता. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशालाच स्थगिती दिली. कायद्याचा निकाल काहीही असो, मान्यता आधी आणि प्रवेश नंतर हा क्रम विस्कटला, की नोंदवहीतल्या नावावरचा विश्वास डळमळतो.

सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने भौतिकोपचारकांनी नावाआधी ‘डॉक्टर’ लावू नये असे पत्र काढले आणि दुसऱ्याच दिवशी मागे घेतले. वृत्तपत्रांत गाजले ते हे उपाधीचे भांडण. माझ्या मते रुग्णाच्या दृष्टीने नावाआधी काय लिहिले आहे यापेक्षा नावापुढे नोंदणी क्रमांक आहे की नाही हे अधिक महत्त्वाचे. आई-वडिलांसाठी घरी उपचारक बोलावताना आपण फी विचारतो, वेळ विचारतो. नोंदणी क्रमांकही विचारावा. जो नोंदणीकृत आहे, त्याला या प्रश्नाचा राग येण्याचे कारण नाही.