मोरॉन : एका संज्ञेची शिवी होताना

शिव्या बहुधा बाजारात जन्मतात आणि कोशात उशिरा शिरतात. इंग्रजीतल्या ‘मोरॉन’ या शब्दाचा प्रवास मात्र उलटा आहे. तो एका मानसशास्त्रज्ञाने शास्त्रीय संज्ञा म्हणून घडवला. रस्त्यावर तो नंतर आला. आपल्याकडची कॉलेजातली मुलेही आज एकमेकांना सहज ‘मोरॉन’, ‘इडियट’ म्हणतात. याच शब्दांनी एकेकाळी माणसांच्या आयुष्याचे निवाडे केले, ही गोष्ट मला इथे मांडायची आहे.

यांतला ‘इडियट’ जुना. ग्रीक ‘इदिओतेस’ म्हणजे खाजगी माणूस, सार्वजनिक पद नसलेला. त्यावरून एखाद्या विद्येत अनभिज्ञ. लॅटिन-फ्रेंचमार्गे इंग्रजीत येईपर्यंत अज्ञानाची छटा गडद झाली आणि इंग्लंडच्या कायद्यात जन्मतः समज नसलेल्या माणसासाठी तो रूढ झाला. ‘इम्बेसाइल’चे लॅटिन मूळ नुसते ‘दुर्बल’ एवढेच सांगते. इंग्रजीतही तो आधी शरीराच्या अशक्तपणासाठी वापरत. बुद्धीशी त्याची सांगड पुढे पडली.

१९०५ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओदोर सिमाँ यांनी बुद्धिमापनाची चाचणी तयार केली. शाळेत मागे पडणारी मुले ओळखून त्यांना वेगळे शिक्षण द्यावे, हा तिचा हेतू. बुद्धी कायमची ठरलेली असते, असे बिने मानत नसत. ही चाचणी अमेरिकेत नेली हेन्री गॉडर्ड यांनी. न्यू जर्सीतील व्हाइनलँडच्या संस्थेत ते संशोधन करीत. मानसिक वय २ वर्षांपर्यंत असेल तो ‘इडियट’, ३ ते ७ असेल तो ‘इम्बेसाइल’, अशी विभागणी झाली. पण ८ ते १२च्या गटाला स्वतंत्र नाव नव्हते. १९१० मध्ये गॉडर्ड यांनी ग्रीक ‘मोरोस’ म्हणजे मंद, मूर्ख, यावरून ‘मोरॉन’ हा शब्द सुचवला.

नाव मिळाल्यावर भीतीही जन्मली. मोरॉन चारचौघांसारखाच दिसतो, संसार करतो, म्हणून तोच अधिक धोक्याचा, अशी मांडणी झाली. बुद्धीची उणीव आनुवंशिक असते, या गृहीतकावर गॉडर्ड यांनी १९१२ साली ‘कॅलिकॅक’ घराण्यावर पुस्तक लिहिले. हे आडनावही त्यांनीच ग्रीकमधल्या ‘चांगले’ आणि ‘वाईट’ या दोन शब्दांतून रचले होते.

या विचारांचा परिणाम व्हर्जिनिया राज्यातल्या कॅरी बकने भोगला. ती ज्या कुटुंबात वाढली त्याच्या एका नातेवाइकाने तिच्यावर बलात्कार केला आणि गरोदरपण झाकण्यासाठी तिलाच मंदबुद्धी ठरवून संस्थेत धाडण्यात आले. तिची आई एमा तिथे आधीपासूनच होती. २ मे १९२७ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मताने कॅरीच्या सक्तीच्या निर्बीजीकरणाला मान्यता दिली. इम्बेसाइलांच्या तीन पिढ्या पुरे झाल्या, अशा आशयाचे वाक्य न्यायमूर्ती होम्स यांनी निकालात लिहिले.

इथे शब्दाकडे नीट पाहावे. चाचणीत कॅरीचे मानसिक वय ९ वर्षे आले होते. म्हणजे शास्त्राच्याच मापाने ती ‘इम्बेसाइल’ नव्हती. तिसरी पिढी म्हणजे तिची मुलगी व्हिव्हियन. खालच्या न्यायालयात सुनावणी झाली तेव्हा ती काही महिन्यांची होती आणि केवळ तिच्याकडे पाहून मत दिले गेले. पुढे शाळेत तिचे नाव गुणवंतांच्या यादीत लागले. १९३२ साली, आठव्या वर्षी ती वारली. न्यायालयाने संज्ञेचा दरारा वापरला, पण अर्थ शिवीचा घेतला. निकालानंतर वर्षभरातच, १९२८ मध्ये, गॉडर्ड यांनी आपली मते बरीच बदलली. मोरॉन शिकू शकतो, त्याला कोंडून ठेवायची गरज नाही, असे ते म्हणू लागले. तोवर कॅरीची शस्त्रक्रिया होऊन गेली होती. व्हर्जिनियाच्या राज्यपालांनी माफी मागितली ती २००२ साली. कॅरी १९८३ मध्येच निवर्तली होती.

आपणही या इतिहासाबाहेर नाही. १९१२च्या इंडियन ल्यूनसी अ‍ॅक्टमध्ये ‘ल्यूनॅटिक’च्या व्याख्येत ‘इडियट’ होता. तो कायदा रद्द झाला १९८७च्या मानसिक आरोग्य कायद्याने. बिने यांच्या चाचणीला व्ही. व्ही. कामत यांनी मराठी आणि कन्नड मुलांसाठी रूप दिले. ‘वेडा’, ‘खुळा’ यांपेक्षा सौम्य म्हणून आपण ‘मतिमंद’ हा शब्द स्वीकारला. तोही शाळेच्या मैदानावर चिडवायला वापरला जाऊ लागला. अमेरिकेत ‘रिटार्डेड’चे तेच झाले. त्याचा मूळ अर्थ फक्त ‘मंदावलेला’. २०१० मध्ये तिथल्या केंद्रीय कायद्यांतून तो काढावा लागला. आपल्या २०१६च्या कायद्यात ‘बौद्धिक दिव्यांगता’ आली.

नवा शब्द जुन्या तिरस्काराला फार काळ अडवू शकत नाही, हे या इतिहासावरून दिसते. तरीही शब्द बदलणे मला व्यर्थ वाटत नाही. निदान तेवढ्या काळापुरते आपण समोरच्या माणसाकडे नव्याने पाहतो. पण शब्दाच्या सभ्यतेपेक्षा त्याच्या अधिकाराकडे अधिक लक्ष हवे. मैदानावरच्या ‘मोरॉन’ने मन दुखावते, कॅरीच्या फाइलीतल्या नोंदीने तिचे आईपण हिरावून घेतले. ती नोंद सभ्य, शास्त्रीय भाषेतच लिहिलेली होती.