आठ भिंतींचे प्रवचनघर

इंग्लंडमध्ये यॉर्कशायरच्या डोंगराळ भागात हेप्टनस्टॉल हे हातमाग विणकरांचे जुने गाव आहे. तिथले मेथडिस्ट चॅपल १७६४ सालचे: दगडी, अष्टकोनी, ना मनोरा ना कोरीवकाम. अशी चॅपले पाहून लोक सहज म्हणतात, गरिबांनी बांधली म्हणून साधी राहिली. हे उत्तर अर्धेच खरे आहे. हा साधेपणा विचारपूर्वक ठरवलेला होता. प्रवचन शेवटच्या माणसापर्यंत ऐकू जावे आणि मंडळी कोणाची मिंधी होऊ नये, ही त्यामागची दोन कारणे होती.

मेथडिस्ट चळवळीचे संस्थापक जॉन वेस्ली अखेरपर्यंत अँग्लिकन पाद्रीच राहिले. प्रभुभोजनासाठी लोकांनी आपल्या गावच्या चर्चमध्येच जावे, असा त्यांचा आग्रह होता. त्यामुळे मेथडिस्टांच्या इमारतीत वेदीपेक्षा प्रवचनाच्या व्यासपीठाला महत्त्व आले. १७५७ साली वेस्लींनी नॉर्विचमधले प्रेस्बिटेरियनांचे नवे अष्टकोनी सभागृह पाहिले. ते त्यांना फार देखणे वाटले; पण तिथल्या बाकांच्या दारांच्या चकाकत्या पितळी कड्या पाहून, इथे जुन्या साध्या शुभवर्तमानाला थारा मिळेल का, अशी शंकाही त्यांनी रोजनिशीत नोंदवली. पुढे त्यांनी आकार उचलला, थाटमाट सोडून दिला. मेथडिस्टांच्या १७७० च्या परिषदेने, जागा असेल तिथे अष्टकोनी घर बांधावे, आवाजाला तेच उत्तम, असे सांगितले. नियम बारीकसारीक होते: दारे-खिडक्या भरपूर हव्यात, बाकांना पाठ नको, स्त्री-पुरुषांची बसायची जागा वेगळी. खर्चाबद्दलचा नियम तर फार रोखठोक होता. इमारत महाग झाली की श्रीमंतांची गरज पडेल, मग त्यांच्यावर अवलंबून राहावे लागेल, आणि शेवटी तेच मंडळीवर सत्ता गाजवतील. विणकरांकडे पैसा नव्हता हे खरेच. पण ज्याला केवळ नाइलाजाने काटकसर करावी लागते, तो काटकसरीचा नियम लिहून ठेवत नाही.

यावर एक आक्षेप रास्त आहे. अष्टकोनी चॅपले मोजकीच झाली, आणि खुद्द वेस्लींनी लंडनमध्ये १७७८ साली उघडलेले सिटी रोडचे चॅपल आयताकृती आहे. मग त्या आकारावर एवढा भर का द्यावा? कारण आकार हे साधन होते, हेतू ऐकण्याचा होता. हेप्टनस्टॉलची मंडळी वाढली तेव्हा १८०२ साली तिथल्या लोकांनी भिंती लांबवून इमारत मोठी केली, पण आठ बाजू राखल्या. खेडोपाडीच्या आयताकृती चॅपलांतही व्यासपीठच केंद्रस्थानी राहिले. १७९५ च्या तडजोडीने मेथडिस्ट चॅपलांत प्रभुभोजनाला वाट मिळाल्यानंतरही बऱ्याच ठिकाणी ही मांडणी टिकली.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. एकोणिसाव्या शतकात मेथडिस्टांनीही टोकदार कमानींची गॉथिक चॅपले बांधली, बाकांची भाडी घेतली. हे नाकारता येत नाही. पण त्याने मूळ नियम खोटा ठरत नाही. वेस्लींची भीती किती खरी होती हेच दिसते. भाड्याच्या बाकांनी गरीब-श्रीमंत वेगळे बसवले, आणि चांगली जागा पैशाला मिळू लागली.

१९३२ साली ब्रिटनमधले प्रमुख मेथडिस्ट पंथ एकत्र आल्यावर एकेका खेड्यात दोन-दोन चॅपले उरली, आणि पुढे कित्येक बंद पडली. त्यांतले काय जपायचे हे ठरवताना मनोरा आणि नक्षी शोधणाऱ्याच्या हाती काही लागणार नाही. व्यासपीठ कुठे आहे, आवाज कुठवर पोहोचतो, बांधकामाचा पैसा कोणी दिला, हे आधी पाहायला हवे.