बारा पंडितांचा कौल

तंजावरहून पट्टुकोट्टैच्या वाटेला लागलं की ओरत्तनाडु येतं. सरफोजीराजांनी मुक्तांबाळच्या नावानं इथं छत्र उभारलं. वाटसरूला जेवण, मुलांना शिक्षण. गावाला मुक्तांबाळपुरमही म्हणत. मी ते पाहायला गेलो, पण डोक्यात वेगळंच घोळत होतं. हे छत्र बांधणारा माणूस राजा होऊच शकत नाही, असं बारा पंडितांनी एकदा सांगून टाकलं होतं.

साल १७८७. मरणापूर्वी तुळजाराजांनी नऊ-दहा वर्षांच्या सरफोजींना दत्तक घेतलं. सावत्रभाऊ अमरसिंहांनी गादीवर हक्क सांगितला. मद्रासचे गव्हर्नर आर्चिबाल्ड कॅम्पबेल यांनी बारा पंडितांना शास्त्रार्थ विचारला. उत्तर आलं: दत्तक अशास्त्रीय; मुलगा बापाचा एकुलता एक, शिवाय वय उलटलेलं. अमरसिंह गादीवर बसले आणि त्याच वर्षी कंपनीशी तहही झाला.

पुढे बोभाटा झाला की पंडितांना पैसे चारले, धाक घातला. पाद्री श्वार्ट्झ सरफोजींच्या बाजूनं लिहीत राहिले. बंगाल आणि काशीकडच्या पंडितांना पुन्हा विचारलं गेलं, त्यांनी दत्तक ग्राह्य ठरवलं. १७९८ मध्ये सरफोजी राजे झाले. पुढच्याच वर्षी नव्या तहानं राज्यकारभार कंपनीकडे गेला. राजाकडे तंजावरचा किल्ला, वर्षाला एक लाख होन आणि निव्वळ वसुलाचा पाचवा हिस्सा उरला. म्हणजे दोन्ही वेळचा कौल कंपनीला सोयीचाच. मग विकले गेले ते फक्त पहिलेच बारा, हे कशावरून?

हा संशय तंजावरपुरता नव्हता. हेस्टिंग्जच्या १७७२ च्या योजनेपासून कंपनीच्या अदालतींत शास्त्र सांगायला पंडित, शरियत सांगायला मौलवी नेमलेले असत. १७८८ मध्ये विल्यम जोन्सनी कॉर्नवॉलिसना लिहिलं ते हेच: यांच्यावर भरवसा ठेवता येत नाही, कायद्याचा संग्रह करून द्या. १८६४ मध्ये ती पदंच मोडीत निघाली. आज गाजलेल्या खटल्यात लोक शिरस्तेदार, दुभाषी, लघुलेखक कुठल्या पक्षाचा हे शोधतात, ते तेव्हा पंडितांच्या बाबतीत चाले.

मला मात्र त्या बारांची थोडी कड घ्यावीशी वाटते. एकुलता मुलगा देऊ नये, घेऊ नये, हे वसिष्ठांचं वचन त्यांनी घरी रचलेलं नव्हतं. तो निषेध बंधनकारक की केवळ उपदेश, यावर इंग्रजी न्यायालयं पुढे शतकभर झगडली. मद्रासकडच्याच एका खटल्यात प्रिव्ही कौन्सिलनं १८९९ मध्ये असं दत्तक वैध ठरवलं. म्हणजे १७८७ मध्ये एखादा प्रामाणिक पंडितही तेच बोलला असता. लाच खाल्लेल्याचं उत्तरही बरोबर असू शकतं, हे आपल्याला पचत नाही. अन् लाच न खाता धन्याच्या मनातलं ओळखणारे तर कुठल्याच चौकशीत सापडत नाहीत.

बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ चा प्रचंड मराठी शिलालेख आहे, भोसले वंशाचं चरित्र. सरफोजींच्या आज्ञेवरून चिटणीस बाबुरावांनी तो सिद्ध केला. दत्तकाची हकीकत त्यात अर्थातच राजाच्या बाजूची. तोही दरबारचा नोकरच. त्याच्यावर पक्षपाताचा आरोप कुणी केला नाही. मराठी माणूस तिथं अभिमानानं फोटो काढतो, मीही काढला.

अमरसिंह पेन्शन घेऊन तिरुविडैमरुदूरला जाऊन राहिले. त्यांच्या बाजूचं असं काही कुठल्या भिंतीवर कोरलेलं मला भेटलेलं नाही.