पित्तातून जन्मलेली ताटली

कोडोलीच्या दूध संस्थेत सकाळ-संध्याकाळ दूध घातलं की फॅट आणि एसएनएफ लगेच कळतं. पुढे प्रक्रिया केंद्राच्या प्रयोगशाळेत त्याच दुधाची आणखी एक परीक्षा होते : यात कोलिफॉर्म, म्हणजे शेणामुताच्या वाटेने येऊ शकणारे जीवाणू आहेत का? गावच्या पिण्याच्या पाण्यालाही हीच परीक्षा चुकत नाही. दोन्हींच्या मुळाशी असलेली विद्या मात्र माणसाच्या आतड्यांतले जीवाणू ओळखायच्या धडपडीतून आली आहे.

जीवाणू वेगळे करायचे तर ते घट्ट पृष्ठभागावर वाढवावे लागतात, म्हणजे एकेका जीवाणूची स्वतंत्र वसाहत डोळ्यांना दिसते. रॉबर्ट कॉख यांनी त्यासाठी जिलेटिन वापरलं, पण शरीराच्या ३७ अंश तापमानाला ते वितळायचं. १८८१मध्ये कॉख यांच्या सहकाऱ्याच्या पत्नी फॅनी हेसे यांनी आपल्या स्वयंपाकघरातला उपाय सुचवला : समुद्री शेवाळापासून मिळणारं अगार. एकदा घट्ट झालेलं अगार ८५ अंशांच्या आसपास गेल्याशिवाय वितळत नाही. कॉख यांनी १८८२च्या क्षयरोगावरच्या लेखात अगारचा उल्लेख केला, फॅनी यांच्या नावाचा केला नाही. आज जगातल्या प्रत्येक सूक्ष्मजीव प्रयोगशाळेवर त्या बाईंचं ऋण आहे. १८८७मध्ये पेट्री यांनी झाकणाची चपटी काचेची ताटली आणली आणि अगारला बसायला जागा मिळाली.

त्याआधी १८८५मध्ये थिओडोर एशेरिख यांनी तान्ह्या बाळांच्या शीतून एक जीवाणू वेगळा केला होता. त्यांचंच नाव पुढे त्याला लागलं : एशेरिकिया कोलाय, म्हणजे आपला ई. कोलाय. अडचण अशी होती, की विषमज्वराचा जीवाणूही आतड्यातलाच आणि दिसायला अगदी तसाच. साध्या अगारवर दोघे एकसारखे वाढायचे, शिवाय इतर जीवाणूंची गर्दी असायचीच.

वाट काढली लिव्हरपूलमध्ये काम करणाऱ्या आल्फ्रेड मॅकॉन्की यांनी. आतड्यातले जीवाणू रोज पित्तात न्हातात. बाहेरच्या कित्येकांना ते सोसत नाही. मग अन्नातच पित्तक्षार मिसळले तर? मिसळले, आणि ताटलीची चाळणी झाली : उपरे अडले, आतड्यातले वाढले. उरलेल्यांना ओळखायला त्यांनी दुधातली साखर, लॅक्टोज घातली. ई. कोलाय ती आंबवून आम्ल करतो, विषमज्वराचा जीवाणू करत नाही. आम्ल दाखवायला आधी लिटमस होता. १९०२मध्ये ग्रुनबाउम आणि ह्यूम यांनी न्यूट्रल रेड सुचवला. शीतल्या लॅक्टोज आंबवणाऱ्या जीवाणूंवरचा मॅकॉन्की यांचा मोठा लेख १९०५चा.

आजही कृती तीच. लिटरभर पाण्यात साधारण ५० ग्रॅम भुकटी उकळवायची, ऑटोक्लेव्हमध्ये १५ पौंड दाबाखाली, १२१ अंशांवर १५ मिनिटं ठेवायची, हाताला सोसेल इतकी निवली की ताटल्यांत ओतायची. तारेचं लूप ज्योतीत लाल करून गार करायचं, नमुन्याची रेघ ओढायची आणि ताटली रात्रभर ३७ अंशांवर ठेवायची. सकाळी ई. कोलायच्या वसाहती गडद गुलाबी असतात, भोवती साक्याचं धूसर वलय. विषमज्वराच्या आणि हगवणीच्या जीवाणूंच्या मात्र बिनरंगी. दवाखान्यात आलेल्या रुग्णाच्या औषधोपचाराची दिशा कित्येकदा या दोन रंगांनी ठरते.

दूध आणि पाणी तपासायला हेच मिश्रण अगारशिवाय, पातळ ठेवतात. नळीत एक इवलीशी नळी उपडी सोडलेली असते, ती डरहॅम यांची, १८९८ची. आत वायू साठला तर कोलिफॉर्मचा संशय. खेड्यात ऑटोक्लेव्ह कुठून आणायचा? १९८२मध्ये मांजा, मौर्य आणि राव या भारतीय शास्त्रज्ञांनी सोपी बाटली दिली. विष्ठेबरोबर येणारे बरेच जीवाणू हायड्रोजन सल्फाइड (एचटूएस) सोडतात, त्याचा लोहाशी संयोग झाला की पाणी काळं पडतं. जलसुरक्षकाच्या हातातली एचटूएसची बाटली ती हीच. पाणी काळं झालं की ते प्यायचं नाही, हे समजायला सूक्ष्मदर्शक लागत नाही.

पण गुलाबी ताटलीला आतड्याचा फार थोडा भाग दिसतो. तिथले बहुसंख्य जीवाणू हवा लागताच मरतात, ई. कोलायचा वाटा शेकडा एकहूनही कमी. त्यांना वाढवायचं कसं, हे कोडं सुटलं गुरांच्या पोटातून. अमेरिकी शास्त्रज्ञ रॉबर्ट हंगेट रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पहिल्या पोटातले, चारा कुजवणारे जीवाणू वाढवत होते. तापवलेल्या तांब्यावरून नेऊन त्यांनी कार्बन डायऑक्साइडमधला उरलासुरला प्राणवायू काढला, तो नळीत भरला, अन्नात त्याच पोटातला गाळलेला रस घातला आणि नळी गार पाण्यात फिरवून अगारचा पातळ थर आतून काचेवर बसवला. १९५०मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पद्धतीने माणसाच्या आतड्यातले हवेला भिणारे जीवाणूही हाती आले.

१९७७मध्ये कार्ल वूस यांनी रायबोसोमच्या आरएनएवरून जीवाणूंची वंशावळ मांडली, आणि त्याच खुणेने पुढे जीवाणू न वाढवताही शीतल्या डीएनएवरून त्यांची हजेरी घेता येऊ लागली. पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रात डॉ. योगेश शौचे यांनी भारतीयांच्या आतड्यांतल्या जीवाणूंवर हेच काम केलं. तिथेच जिवंत जीवाणू जपणारा मोठा संग्रहही उभा राहिला. दोन्ही एकाच संस्थेत असणं मला फार मोलाचं वाटतं. डीएनए जीवाणूचं नाव सांगतो. तो काय खातो, काय सोडतो, कोणत्या औषधाला दाद देतो, याची खात्री त्याला वाढवल्यावरच पटते.

मॅकॉन्कींनी पित्त दिलं, हंगेटनी पोटातला रस दिला. जीवाणूला त्याच्या घरचं मिळालं तेव्हाच तो बोलता झाला. अजून न वाढवता आलेल्या शेकडो जीवाणूंसाठीही हाच रस्ता आहे. वारणेच्या खोऱ्यात म्हशी आहेत, दूध संघाची प्रयोगशाळा आहे, तासाभराच्या वाटेवर शिवाजी विद्यापीठाचा सूक्ष्मजीवशास्त्र विभाग आहे. उसाचं वाडं खाऊन दूध देणाऱ्या इथल्या म्हशीच्या पोटात कोणते जीवाणू राबतात, हे शोधायला इथल्याच मुलामुलींनी पुढे यावं. त्या शोधाचं मोल आधी इथल्याच गोठ्याला मिळेल.