घरातला बॉक्स आणि बाहेरचा ताबा : भारतातील सेट टॉप बॉक्समधील सॉफ्टवेअर-बदल व आंतरक्रियात्मक सेवा (2001–2020)

भारतातील दूरचित्रवाणीचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष सहसा कार्यक्रम, वाहिन्या आणि वाहिन्यांची मालकी यांकडे जाते. प्रेक्षकाच्या घरात दूरचित्रवाणी संचाच्या वर वा शेजारी ठेवलेला सेट टॉप बॉक्स मात्र केवळ एक साधन म्हणून दुर्लक्षित राहतो. वस्तुतः हा बॉक्स म्हणजे एक छोटा संगणकच होय. त्यात प्रक्रियक असतो, स्मृती असते, आणि सेवाकंपनीने बाहेरून बदलता येईल असे सॉफ्टवेअर असते. प्रस्तुत निबंधात या सॉफ्टवेअरच्या अंगाने विचार केला आहे. ग्राहकाने पैसे देऊन घरी आणलेल्या या यंत्रावर प्रत्यक्ष ताबा कोणाचा राहिला, हा त्यातील मुख्य प्रश्न आहे.

घरोघरी थेट उपग्रह प्रक्षेपण, म्हणजे डीटीएच, भारतात उशिरा आले. 1997 मध्ये केंद्र शासनाने अशा सेवेवर बंदी घातली होती. ती नोव्हेंबर 2000 मध्ये उठली आणि मार्च 2001 मध्ये परवान्यांची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली. त्यांतील एक अट या विषयाच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाची आहे. बॉक्सची रचना खुली असावी, ती एका कंपनीपुरती बंदिस्त नसावी, आणि निरनिराळ्या डीटीएच सेवांमध्ये तो परस्पर वापरता यावा, असे तीत म्हटले होते. म्हणजे एकही खासगी डीटीएच सेवा सुरू होण्यापूर्वीच ग्राहकाच्या स्वातंत्र्याची तरतूद कागदावर झालेली होती. पुढे 2003 मध्ये डिश टीव्ही, डिसेंबर 2004 मध्ये प्रसार भारतीची विनाशुल्क डीडी डायरेक्ट प्लस, ऑगस्ट 2006 मध्ये टाटा स्काय, आणि त्यानंतर 2009 पर्यंत सन डायरेक्ट, रिलायन्स बिग टीव्ही, एअरटेल व व्हिडिओकॉन अशा सेवा आल्या.

आकाशातून येणारे सॉफ्टवेअर

बॉक्समधील सॉफ्टवेअर कसे बदलते, हे थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. उपग्रहावरून चित्र व ध्वनी यांच्याबरोबरच माहितीचे आणखी प्रवाह पाठविले जातात. त्यांपैकी एकात नव्या सॉफ्टवेअरचे तुकडे असतात. उपग्रहाची वाट एकेरी असल्यामुळे बॉक्सला एखादा तुकडा 'पुन्हा पाठवा' असे सांगता येत नाही. म्हणून सर्व तुकडे रहाटपाळण्यासारखे क्रमाने फिरत ठेवतात, आणि बॉक्सचा एखादा तुकडा हुकला तर तो पुढच्या फेरीची वाट पाहतो. हे सॉफ्टवेअर कोणत्या निर्मात्याच्या कोणत्या प्रतिमानासाठी आहे, याची खूण प्रवाहातच असते. युरोपातील डीव्हीबी संघटनेने या पद्धतीसाठी सामाईक मानकही तयार केले. बॉक्समध्ये अगोदरपासून असलेला एक छोटा, सहसा न बदलणारा कार्यक्रम नव्या सॉफ्टवेअरची अंकीय स्वाक्षरी तपासतो, जुने पुसतो आणि नवे लिहितो. हे काम बहुधा रात्री, बॉक्स विश्रांतीच्या स्थितीत असताना होते.

नवे सॉफ्टवेअर लिहिले जात असताना बॉक्स बंद करू नये, अशी सूचना पडद्यावर येत असे. परंतु बॉक्स बंद करणे नेहमी ग्राहकाच्या हाती होते काय? 2005 नंतरची काही वर्षे महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात दिवसातून कित्येक तास भारनियमन होते. लिहिण्याचे काम अर्धवट असताना वीज गेली, तर मूळ छोटा कार्यक्रम शाबूत असलेला बॉक्स पुन्हा सुरुवातीपासून प्रयत्न करी. तशी सोय नसलेला बॉक्स निकामी होण्याचा धोका होता. अखंड वीजपुरवठा गृहीत धरून आखलेली यंत्रणा भारनियमनाच्या प्रदेशात आली, ही गोष्ट तांत्रिक लिखाणात सहसा येत नाही.

अशा बदलांचे हेतू अनेक होते. कार्यक्रमपत्रिकेचे रूप सुधारणे, चुका दुरुस्त करणे, नव्या सेवा जोडणे, आणि चोरून पाहणाऱ्यांच्या वाटा बंद करणे. शेवटच्या हेतूचे सर्वांत गाजलेले उदाहरण अमेरिकेतील आहे. डायरेक्टीव्ही या कंपनीने 21 जानेवारी 2001 रोजी, सुपर बोल हा मोठा फुटबॉल सामना आठवड्यावर आला असताना, उपग्रहावरून एक आज्ञा पाठवून बनावट रीतीने बदललेली असंख्य कार्डे एकाच रात्री कायमची बंद पाडली. त्या कार्डांच्या स्मृतीत 'गेम ओव्हर' ही अक्षरे कोरली गेली होती, असे पुढे उघड झाले. हा बदल बॉक्समधील नव्हे, तर त्यात बसविलेल्या कार्डातील होता. तत्त्व मात्र तेच. चोरी करणाऱ्यांविषयी सहानुभूती बाळगण्याचे कारण नाही. परंतु जी वाट चोराच्या कार्डापर्यंत जाते, तीच प्रामाणिक ग्राहकाच्या यंत्रापर्यंतही जाते, हे त्या रात्री सिद्ध झाले. भारतातील ग्राहकाला आपल्या बॉक्समध्ये काय बदलले याची तपशीलवार माहिती सहसा मिळत नसे, आणि बदल नाकारण्याची सोयही नसे.

या सामर्थ्याला मर्यादाही होत्या. एमपेग-2 पद्धतीचे संकेत उलगडणारी चकती असलेला बॉक्स सॉफ्टवेअर बदलून एमपेग-4 करता येत नाही. तो बदलावाच लागतो. जुलै 2010 मध्ये इन्सॅट-4बी उपग्रहाच्या वीजपुरवठ्यात बिघाड झाला, तेव्हा सन डायरेक्टला दुसऱ्या उपग्रहाचा आश्रय घ्यावा लागला. सॉफ्टवेअर आकाशातून येऊ शकते. गच्चीवरची डिश मात्र माणसालाच वळवावी लागते.

आंतरक्रिया कोणाशी?

'आंतरक्रियात्मक' हा शब्द त्या काळच्या जाहिरातींत मोठ्या उत्साहाने वापरला गेला. रिमोटवरील लाल, हिरवी, पिवळी व निळी ही चार बटणे त्याचे चिन्ह ठरली. ही बटणे डिजिटल युगाची निर्मिती नव्हेत. 1980 च्या दशकात ब्रिटनमधील टेलिटेक्स्ट सेवेत पाने पटकन उघडण्यासाठी ती आली आणि पुढे वारशाने डिजिटल बॉक्सकडे गेली.

टाटा स्कायने 'ॲक्टिव्ह' या नावाखाली खेळ, पाककृती, मुलांच्या गोष्टी, इंग्रजी शिक्षण, विवाहविषयक माहिती अशा सेवा दिल्या. त्यांपैकी 'ॲक्टिव्ह दर्शन' ही सेवा महाराष्ट्राच्या दृष्टीने विशेष लक्षणीय आहे. तीत शिर्डीचे साईबाबा मंदिर, मुंबईचे सिद्धिविनायक मंदिर, काशी विश्वनाथ अशा ठिकाणांचे थेट दृश्य बटण दाबून पाहता येई. रांगेत तिष्ठावे न लागता घरबसल्या दर्शन घडणे ही वृद्ध व आजारी माणसांसाठी लहान गोष्ट नव्हे, आणि तिचे मोल कमी लेखण्याचा येथे हेतू नाही. तथापि यंत्राच्या दृष्टीने येथे घडत होती ती केवळ निवड. सर्व मंदिरांची दृश्ये उपग्रहावरून अगोदरच सर्व बॉक्सपर्यंत आलेली असत आणि बटण त्यांतले एक पुढे आणी. (भक्ताच्या लेखी दर्शनात देवाने आपल्याला पाहणेही येते. उपग्रहाच्या एकेरी वाटेवर त्याची सोय नव्हती.) पाककृती आणि खेळ यांचीही तीच गत होती. प्रेक्षकाचा संवाद आपल्या बॉक्सशी होत होता. सेवाकंपनीपर्यंत त्यातले काही पोचत नव्हते.

ब्रिटनमध्ये याच प्रश्नाला वेगळे उत्तर दिले गेले. तेथील स्काय कंपनीच्या बॉक्समध्ये मोडेम होता आणि सवलतीत बॉक्स घेणाऱ्याने तो टेलिफोनच्या तारेला जोडून ठेवावा अशी अट होती. या परतीच्या वाटेवर ऑक्टोबर 1999 मध्ये 'ओपन' नावाची खरेदी व बँक व्यवहारांची सेवा सुरू झाली. स्काय, ब्रिटिश टेलिकॉम, एक मोठी बँक आणि मात्सुशिता यांचे भांडवल पाठीशी असूनही ती 2001 मध्येच स्वतंत्र सेवा म्हणून संपली. भारतातील कंपन्यांनी या वाटेवर भर दिला नाही. ग्राहकाला नवी वाहिनी हवी असेल तर तो मोबाइलवरून एसएमएस पाठवी किंवा मिस्ड कॉल देई. मग उपग्रहावरून त्याच्या कार्डाच्या क्रमांकाला उद्देशून आज्ञा सुटे आणि वाहिनी दिसू लागे. प्रस्तुत लेखकाच्या मते भारतातील दूरचित्रवाणीची खरी परतीची वाट म्हणजे हा मिस्ड कॉल होय, आणि तिचा इतिहास दूरध्वनीच्या इतिहासाबरोबर लिहावा लागेल.

अदलाबदलीचे कलम

आता 2001 च्या अटीचे पुढे काय झाले ते पाहू. केबलच्या क्षेत्रात 2002 च्या कायदादुरुस्तीने 'कॅस' पद्धत आली. ती सप्टेंबर 2003 मध्ये चेन्नईत आणि न्यायालयीन आदेशानंतर 31 डिसेंबर 2006 पासून मुंबई, दिल्ली व कोलकात्याच्या काही भागांत लागू झाली. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, बॉक्स भाड्याने देण्याची योजना ठरवून दिली. 999 रुपये अनामत व दरमहा 30 रुपये, किंवा 250 रुपये अनामत व दरमहा 45 रुपये असे तिचे पर्याय होते. 2007 च्या नियमांनी डीटीएच कंपन्यांनाही बॉक्स भाड्याने वा हप्त्यांनी देण्यास सांगितले. सेवा बदलताना ग्राहकाचे आर्थिक नुकसान कमी व्हावे एवढेच यातून साधणार होते. बॉक्स स्वतः मात्र बांधलेलाच राहिला.

तांत्रिक अटीची पूर्तता म्हणून बॉक्समध्ये दुसऱ्या कंपनीचे मोड्युल बसविण्यासाठी खाच ठेवली गेली. पण त्या मोड्युलची किंमत नव्या बॉक्सच्या आसपास जात असल्याने त्या वाटेला ग्राहक गेले नाहीत. शिवाय एका कंपनीची संकेतपद्धती, कार्यक्रमपत्रिका आणि सॉफ्टवेअरवरील स्वाक्षरी दुसरीच्या उपयोगाची नव्हती. अटीचे शब्द पाळले गेले, हेतू मात्र निष्फळ झाला.

2011 च्या कायदादुरुस्तीनंतर केबलचे अंकीकरण सक्तीचे झाले. मुंबईसह चार महानगरांत 31 ऑक्टोबर 2012, पुणे, नागपूर, नाशिक, औरंगाबाद आदी शहरांत 31 मार्च 2013, आणि मुदतवाढीनंतर अखेरच्या टप्प्यात 31 मार्च 2017 या तारखा ठरल्या. घरोघरी बॉक्स आले, आणि सेवा बदलली की जुना बॉक्स माळ्यावर गेला.

याला अपवाद डीडी डायरेक्ट प्लसचा, म्हणजे पुढच्या डीडी फ्री डिशचा. तिच्यासाठी बाजारात मिळणारा कोणताही साधा बॉक्स चाले. त्यावर कोणाचा ताबा नव्हता. पण त्याची काळजी घेणारेही कोणी नव्हते. वाहिन्यांची रचना बदलली की ग्राहकाला स्वतः पुन्हा शोध घ्यावा लागे, अथवा गावातील डिशवाल्याला बोलवावे लागे. दुसऱ्या टोकाला औरंगाबादचा व्हिडिओकॉन समूह होता. त्याने डीटीएच ग्राही आतच बसविलेले दूरचित्रवाणी संच विकले. येथे अडगळ कमी झाली, पण संचातील ग्राही एका सेवेशी जोडला गेला. 2018 मध्ये व्हिडिओकॉन डीटूएच डिश टीव्हीत विलीन झाली.

एप्रिल 2020 मध्ये ट्रायने पुन्हा शिफारस केली. देशातील सर्व सेट टॉप बॉक्स परस्पर वापरता यावेत, त्यासाठी यूएसबी जोडणीच्या मोड्युलचे नवे युरोपीय मानक स्वीकारावे आणि दूरचित्रवाणी संचांतही तशी जोडणी सक्तीची करावी, असे तीत म्हटले आहे. 2001 च्या अटीनंतर एकोणीस वर्षांनी ही शिफारस आली. तोवर एअरटेल, डिश टीव्ही व टाटा स्काय यांनी इंटरनेटला जोडले जाणारे अँड्रॉइड बॉक्स बाजारात आणले होते. त्यांना परतीची वाट मिळाली होती, आणि त्यांचे सॉफ्टवेअर आता ब्रॉडबँडवरूनही बदलू लागले होते.