धरणं आणि धारणाधिकार

हिंगोली-वाशीम रस्त्यावरच्या कनेरगाव नाक्यासारख्या गावात सळई-सिमेंट अजून वहीवर जातं. स्लॅब पडतो, वास्तुशांत होते, पंगती उठतात. दुकानदाराच्या वहीतलं पान मात्र तसंच. मग तो चिडून म्हणतो, ‘आता दारात धरणंच धरतो!’

हे ‘धरणं’ संस्कृत ‘धृ’ धातूच्या कुळातलं. आज मोर्चेवाल्यांनी ते उचललंय, पण मूळ मालक सावकार. पूर्वी धनको ऋणकोच्या दारात उपाशी बसे, आणि तो उठेपर्यंत घरातल्यांनाही घास घेणं अवघड होई. इंग्रजांना ही रीत इतकी खुपली, की १८६० च्या दंडसंहितेत, ५०८व्या कलमाखाली, दैवी कोपाची भीती घालून धरणं धरणं हे गुन्ह्याचं उदाहरण म्हणूनच छापलं.

त्याच धातूचा सुटाबुटातला भाऊ म्हणजे कायद्यातला ‘धारणाधिकार’, म्हणजे पैसे मिळेपर्यंत वस्तू धरून ठेवण्याचा हक्क, इंग्रजांचा ‘लीन’. हा ‘लीन’ लॅटिनमधल्या बंधनवाचक शब्दातून आला. ते बांधतात, आपण धरतो!

अमेरिकेत पैसे थकले तर माल पुरवणाऱ्याला थेट इमारतीवर हक्क सांगता येतो. या कायद्यांची सुरुवात १७९१ मध्ये मेरीलँडात झाली. आपल्याकडे १९३० च्या मालविक्री कायद्यानुसार माल विक्रेत्याच्या ताब्यात आहे तोवरच तो धरून ठेवता येतो. गिट्टी ट्रॉलीतून उतरली, की धारणाधिकारही उतरला. उरतो दिवाणी दावा, आणि त्याला मुदत साधारण तीन वर्षं. तेव्हा दुकानदारहो, पुराव्यासाठी चलनावर सही घेतल्याशिवाय ट्रॉली रिकामी करू नका.