कूपन आणि कापड

दुसऱ्या महायुद्धांत ब्रिटनच्या कापडधंद्यांतील कामगार व जागा युद्धकार्यासाठीं हव्या होत्या. म्हणून १ जून १९४१ रोजीं तेथील सरकारनें कपड्यांचें रेशनिंग सुरू केलें. प्रौढ व्यक्तीस पहिल्या वर्षीं ६६ कूपनें मिळालीं. कोट, जाकीट व पाटलोण असा लोकरी सूट घेतला कीं त्यांतील २६ संपत. कूपनें उमरावाला व मजुराला सारखींच. वरवर पाहतां ही समता निर्दोष वाटे.

परंतु तींत एक मोठी उणीव होती. भारी कोटाला आणि हलक्या कोटाला कूपनें तितकींच लागत. धनिकाचा कोट वर्षानुवर्षें टिके. गरिबाचा लवकर विरे, आणि मग त्याच्यापाशीं ना पैसा उरे, ना कूपन. या अन्यायावर उतारा म्हणून ‘युटिलिटी’ कपडे निघाले. त्यांच्या कापडाचा दर्जा ठरलेला असे आणि किंमत नियंत्रित असे. १९४२ मध्यें पुरुषांच्या नव्या सुटांतील पाटलोणींच्या दुमडीही बंद झाल्या. १९४३ मध्यें सरकारच्या ‘मेक डू अँड मेंड’ या पुस्तिकेनें रफू करण्याचे व जुन्याचें नवें करण्याचे धडे घरोघर पोंचविले.

१५ मार्च १९४९ रोजीं हें रेशनिंग संपलें. आज कपडे मुबलक आहेत, आणि थोडे वापरून टाकूनही दिले जातात. त्यावर काटकसरीचा उपदेश पुष्कळ होतो. पण एकट्या गृहिणीस उपदेश करून भागत नाहीं, हेंच त्या आठ वर्षांनीं शिकविलें. टिकाऊ कापड सामान्यांच्या आवाक्यांत आलें, तरच सुईदोऱ्याचे श्रम कारणीं लागतात. विरलेल्या सुतावर रफू धरत नाहीं.